आभाळ उघडल्यावर

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे मारुतीच्या पारावर ऊस आणि पाऊसपाण्याच्या बोलण्यात द्रास, झोजीला ही हिमालयातली नावं सहज येत. आमच्या घरातले फौजी बापू, म्हणजे वडिलांचे चुलते, लढाईविषयी फारसं बोलत नसत. बोलायचे ते बर्फाविषयी. "गोळी कुठनं येतीय ते कळतं. बरफ वरनं सुटला की कळायच्या आत सगळं संपल्यालं असतं."

त्यांना डोंगर शिकवला तो द्रासच्या एका म्हाताऱ्या खेचरवाल्याने. साडेअकरा हजार फुटांवरची झोजीला खिंड त्याचे बापजादे मध्यरात्रीनंतर ओलांडत, बर्फ गोठून टणक झालेला असताना. उन्हं वर यायच्या आत पलीकडे. डोंगरातली नाळ लागली की एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून. एक दबला तर उरलेल्यांनी त्याला उकरायचं.

एकदा सलग चार दिवस वादळ झालं. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खालच्या ठाण्यावर टपालाची थैली येऊन पडली होती आणि घरच्या पत्रांसाठी पोरं आसुसलेली. म्हाताऱ्याने खेचरांवर खोगीर चढवायलाच नकार दिला. म्हणाला, आभाळ मोकळं झालं म्हणून डोंगर मोकळा होत नाही. अधिकाऱ्याने त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटेवरची अख्खी उतरण खाली आली. बापू सांगत, धुरळा बसल्यावर पाहिलं तर नाळ सपाट झाली होती. वाट कुठून जात होती तेही ओळखू येईना.

म्हाताऱ्याच्या त्या नकारामागचं कारण आज सांगता येतं. पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं काही तासांत हातभर बर्फ टाकतात आणि वारा तो उचलून कड्याच्या आडोशाच्या अंगाला रचतो. थंडीत आधीच्या थरात जाड्या साखरेसारखे सुटे कण तयार झालेले असतात, एकमेकांना न धरणारे. त्यांच्यावर नव्या बर्फाचं ओझं येतं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर मग एका माणसाचं वजनही पुरतं. खालचा थर मोडतो आणि वरची लादी अखंड सुटते. वादळ थांबलं तरी तो ताण लगेच उतरत नाही. त्यात ऊन लागलं की बर्फ आणखी ढिला होतो. म्हणून वादळानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत घातकी.

नाळेतून जाताना बोलायचं नाही, हा म्हाताऱ्याचा आणखी एक नियम. माणसाच्या आवाजाने कडा सुटत नाही, असं अभ्यासक सांगतात. पण गप्प चालणाऱ्यालाच पायाखालचा आवाज ऐकू येतो. बापू तळहात पारावर आपटून दाखवत, "असं धप् झालं की वळायचं." तो आवाज म्हणजे आतला थर बसल्याची खूण असते.

मार्च १९७९मध्ये लाहौलमध्ये हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसं नेली. फेब्रुवारी २००५मध्ये काश्मीरमधल्या वाल्टेंगू नारमध्ये दीडशेहून अधिक माणसं राहत्या घरांत गाडली गेली. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचीनवर १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीत दहा जवान दबले. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ तारखेला दिल्लीत वारले. एरवी दबलेल्या माणसाला पहिली पंधरा मिनिटंच साथ देतात. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. जानेवारी २०१७मध्ये काश्मीरमधल्या गुरेझला हिमस्खलनात जे जवान गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली पोरंही होती. त्या दिवसांत आमच्या पारावर कुणी मोठ्याने बोललं नाही.

हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९मध्ये मनालीला संस्था निघाली. आज धोक्याचे इशारे आधी मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण इशारा मिळाल्यावर थांबायला सवड लागते, आणि ती सगळ्यांच्या हातात नसते. सुट्टी संपत आली म्हणून बंद घाटात गाडी घालणाऱ्या पर्यटकाला ती नक्की असते, त्याने थांबावं. चौकीवरच्या जवानाला मात्र आपला मुक्काम निवडता येत नाही. त्याच्या वाटणीची सवड वरच्यांनी काढून द्यायला हवी: टपाल उशिरा पोचेल, रसद उशिरा पोचेल, गस्त एक दिवस पुढे जाईल. एका अधिकाऱ्याने एका खेचरवाल्याचं ऐकलं, म्हणून आमचे बापू म्हातारे झाले.