17 सप्टेंबर : एक तारीख, अनेक नावे

दरवर्षी 17 सप्टेंबरला सकाळी छत्रपती संभाजीनगर येथे ध्वजवंदन होते, त्याच सकाळी कलबुर्गीतही होते आणि हैदराबादेतही होते. तिन्ही ठिकाणी ध्वज एकच असतो आणि ज्या घटनेचे स्मरण करायचे तीही एकच असते. तरीही महाराष्ट्रात या दिवसाला ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ म्हणतात. कर्नाटकात तो कालपरवापर्यंत ‘हैदराबाद-कर्नाटक विमोचना दिन’ होता, आता ‘कल्याण-कर्नाटक उत्सव’ झाला आहे. तेलंगणात तर त्याच्या नावावरून गेली अनेक वर्षे वाद चालू आहे. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी माणूस या नावांच्या मधोमध उभा आहे. म्हणून या एका तारखेचा इतिहास आपण आपल्या बाजूने एकदा नीट वाचला पाहिजे.

प्रथम घटना पाहू. 15 ऑगस्ट 1947 रोजी भारत स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थान त्यात सामील झाले नव्हते. 29 नोव्हेंबर 1947 रोजी एका वर्षाचा जैसे थे करार झाला, पण संस्थानातील परिस्थिती बिघडतच गेली. रझाकारांचा धुमाकूळ गावोगाव पोहोचला. आपल्या बीदर जिल्ह्यातील गोर्टा या गावात मे 1948 मध्ये झालेले हत्याकांड त्या काळाची सर्वांत वेदनादायक खूण आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरले. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, जहिराबाद असा त्या मुख्य तुकडीचा मार्ग होता. यांतील राजेश्वर हे गाव आपल्याच बीदर जिल्ह्यातले. 17 तारखेच्या पहाटे सैन्य बीदर शहरात दाखल झाले आणि त्याच सायंकाळी निजामाने युद्धबंदीची घोषणा केली. औपचारिक शरणागती मात्र दुसऱ्या दिवशी, 18 सप्टेंबरला, जनरल एल एद्रूस यांनी दिली. पुढे 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना लागू झाली तेव्हा हैदराबाद हे भारतीय संघराज्यातील एक राज्य बनले आणि निजाम त्याचा राजप्रमुख झाला.

म्हणजे स्मरणासाठी 13, 17 आणि 18 सप्टेंबर अशा तीन तारखा समोर होत्या, 26 जानेवारी ही चौथी होती. लोकांच्या मनाने त्यांतून 17 सप्टेंबर निवडली. निजामाचे शब्द रेडिओवरून ऐकू आले तो दिवस त्यांना खरा वाटला, दुसऱ्या दिवशीचा लष्करी विधी त्यांच्यासाठी दूरचा होता. स्मरणाची तारीख ही नेहमी अशी निवडलेली असते.

एका तारखेवर अनेक घटना येतात तेव्हा त्यांतील काही निव्वळ योगायोग असतात. प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म 17 सप्टेंबर 1885 रोजी पनवेलला झाला. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा 17 सप्टेंबर 1915 रोजी पंढरपूरला झाला. तिकडे तमिळनाडूत पेरियार यांचा जन्मही 17 सप्टेंबरचाच, 1879 सालचा. या तिघांना जोडणारा धागा पंचांगाखेरीज दुसरा नाही. परंतु काही घटना त्या तारखेवर मुद्दाम आणून ठेवलेल्या असतात. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झाले, हा योगायोग नव्हे. 17 सप्टेंबर 2019 रोजी कलबुर्गीतील समारंभात ‘हैदराबाद-कर्नाटक’ हे नाव जाऊन ‘कल्याण-कर्नाटक’ हे नाव आले, तोही योगायोग नव्हे. 2022 साली केंद्र सरकारने सिकंदराबादेत याच दिवशी ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा केला. त्याच दिवशी तेलंगण सरकारने आपला वेगळा राष्ट्रीय एकात्मता दिन पाळला. पुढे 2024 मध्ये तेथील नव्या सरकारने त्याला ‘प्रजापालन दिन’ असे तिसरेच नाव दिले. ज्याला इतिहासावर आपला शब्द कोरायचा असतो, तो याच तारखेला येतो.

आता हे शब्द पाहू. मराठीतील ‘मुक्ती’ आणि कन्नड-तेलुगूतील ‘विमोचन’ हे शब्द वेगळे दिसतात, परंतु दोहोंचा धातू एकच आहे : मुच्, म्हणजे सोडणे, मोकळे करणे. मराठीतही ‘शापविमोचन’ हा शब्द आहेच. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकाच धातूपासून आपापला शब्द घडवला आणि पुढे ते शब्द एकमेकांना ओळखेनासे झाले. तेलंगणातील वादात ‘विलीन’ हा तिसरा शब्द येतो. त्याचा धातू ‘ली’. वितळून एकरूप होणे हा त्याचा अर्थ. मुक्तीमध्ये कोणीतरी बांधून ठेवले होते हे गृहीत असते, विलीन होण्यात ते नसते. वाद म्हणूनच एवढा तीव्र आहे. आणि आपल्या घरांतील वृद्ध माणसे यांपैकी एकही शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात ‘पोलीस ॲक्शन’, किंवा ‘रझाकाराच्या वेळी’. पाठ्यपुस्तकातील शब्द शासनाचा असतो, ओसरीवरचा शब्द अनुभवाचा.

त्या अनुभवाची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यांची आहे आणि ती लपवून हा इतिहास पूर्ण होत नाही. सैनिकी कारवाईनंतर अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. त्यात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे आहेत. त्या अहवालाला प्रसिद्धीसाठी 2013 पर्यंत वाट पाहावी लागली. गोर्ट्याचे दुःख सांगताना हे दुःख गाळणे, किंवा हे सांगताना गोर्टा गाळणे, दोन्ही अप्रामाणिकपणाच ठरेल. एकाच गावात एका घरासाठी 17 सप्टेंबर हा दिवा लावण्याचा दिवस असू शकतो आणि शेजारच्या घरासाठी मौनाचा.

मग ही एक स्मृती तीन राज्यांत विभागली गेली कशी? याचे उत्तर दुसऱ्या तारखेत आहे : 1 नोव्हेंबर 1956. त्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि हैदराबाद राज्य भाषेनुसार तीन वाट्यांत गेले. बीदर जिल्ह्याचेही तीन भाग झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि 1982 पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतांश भाग आंध्र प्रदेशात गेला, आज तो तेलंगणात आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद यांसह उरलेला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. 1 नोव्हेंबर 1973 रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. 17 सप्टेंबरने ज्यांना एकत्र मोकळे केले, त्यांना 1 नोव्हेंबरने वेगळे केले. सोयरीक, बाजारहाट, यात्रा या साऱ्या गोष्टी सीमा ओलांडून चालत राहिल्या. इतिहासाची पुस्तके तेवढी ओलांडली नाहीत.

या दोन तारखांमधले अंतर एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते. त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली तेव्हा महाराष्ट्र परिषद, कर्नाटक परिषद आणि आंध्र महासभा या तीन भाषक संस्थांतून लोक लढत राहिले. स्वामीजी त्या तिन्हींना जोडणाऱ्यांपैकी होते. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत गुलबर्ग्याने त्यांना लोकसभेत पाठवले आणि 1957 मध्ये औरंगाबादने. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला आहे. मराठवाडा त्यांना आपले म्हणतो ते योग्यच आहे. पण गुलबर्ग्याच्या पहिल्या खासदाराला सीमेच्या या बाजूने किती मुले ओळखतात?

आपला प्रश्न केवळ कोणत्या राज्यात राहायचे एवढाच नाही. त्याचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निर्णय तेथे होईल. परंतु राजेश्वरवरून सैन्य कसे गेले, आपल्या वाड्यात कोण लपले होते, कोणत्या शेजाऱ्याने कोणाला वाचवले, हे आपल्या मराठीत लिहून ठेवण्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. 1948 साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. ती माणसे गेली की उरतील ती फक्त शासनांनी दिलेली नावे.

येत्या 17 सप्टेंबरला ध्वजवंदनाहून परतताना आपल्या गल्लीतील एखाद्या आजी-आजोबांजवळ बसा. सर्व धर्मांच्या घरांत बसा. ते जो शब्द वापरतील तोच लिहा, तो सुधारू नका.