गॅरेज इंक.

गॅरेज इंक. हा मेटालिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा नोव्हेंबर 1998 मध्ये निघालेला दोन डिस्कचा संग्रह. यातली 27 ध्वनिमुद्रणं इतरांच्या गाण्यांची आहेत.

पहिल्या डिस्कवर 11 गाणी आहेत, बहुतेक त्याच वर्षी मुद्रित केलेली. बॉब सीगर आणि ब्लॅक सॅबथ इथे शेजारी बसतात. ‘व्हिस्की इन द जार’ हे आयरिश लोकगीत थिन लिझीच्या चालीवर वाजवलेलं. त्याला 2000 साली ग्रॅमी मिळालं.

जुन्या चाहत्यांचा जीव मात्र दुसऱ्या डिस्कमध्ये. सिंगल्सच्या मागच्या बाजूंवर विखुरलेली गाणी इथे एकत्र आली, सोबत 1987 ची बाजारातून गायब झालेली ईपीही. मेटालिकाचा बासवादक क्लिफ बर्टन 1986 मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचं बँडसोबतचं पहिलं मुद्रण म्हणजे ही ईपी. दुकानदारांनी जादा पैसे उकळू नयेत म्हणून 5.98 डॉलर ही किंमत चक्क ईपीच्या नावातच छापली होती!

शेवटची चार गाणी मोटरहेडची. त्या बँडच्या लेमीच्या पन्नाशीनिमित्त 1995 मध्ये मेटालिकाने ती बसवली आणि तालमीतच थेट मुद्रित केली. खडबडीत, पण सफाईदार पहिल्या डिस्कपेक्षा जिवंत.

डायमंड हेडची तब्बल चार गाणी संग्रहात आहेत. ड्रमवादक लार्स उलरिक 1981 मध्ये, मेटालिका निघण्याआधी, या ब्रिटिश मंडळींना ऐकायला इंग्लंड गाठून त्यांच्याकडेच मुक्कामाला राहिला होता.