मागच्या दिव्याचा कायदा

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर असे करत बेंगळुरूत शिरताना पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या वसाहतीला लागून जाणारा महामार्ग पूर्वी क्रमांक ४ होता, आज ४८ आहे. दिवाळीला गावी निघालेली मराठी कुटुंबे याच रस्त्याने रात्रभर मालमोटारींच्या मागे धावतात. त्यांचा भरवसा असतो तो पुढच्या वाहनाच्या तांबड्या दिव्यावर.

वाहनातील फेरबदलांबाबत कायदा उत्तरोत्तर कडक होत गेला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार मुळात नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने फेरबदल करता येत. २००० साली ही मुभा आवळली गेली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल निषिद्ध झाला. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

परंतु प्रमाणपत्रात टेललाइटची नोंद नसते. त्यासाठी १९८९च्या केंद्रीय नियमांतील नियम १०५ पाहावा लागतो. मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे सात सेकंदांत संपते. दिव्यावर काळी फिल्म चिकटवल्याने तो ५० मीटरवरूनच दिसू लागला, तर हाती जेमतेम सव्वादोन सेकंद उरतात. २०१९च्या दुरुस्तीतील कलम १८२-अ अशा अवैध फेरबदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही सांगते.

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडलेला बाह्य परिणामांचा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. शोभा मालकाची, जोखीम मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची. म्हणूनच हा प्रश्न केवळ हौसेवर सोडता येत नाही.

प्रशासनाची उणीव मात्र मान्य केली पाहिजे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था दिवा तपासतात, तो विक्रीपूर्वी. व्यापारी वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षे चालते आणि तोवर तिच्या दिव्यांची नियमित तपासणी होत नाही. प्रदूषण तपासणीच्या वेळीच दिवेही पाहिले, तर ही उणीव थोड्या खर्चात भरून निघेल. तोपर्यंत रात्रीच्या प्रवासाआधी दिवे लावून, मोकळ्या जागी सुमारे दोनशे पावले मागे जाऊन आपली गाडी आपणच पाहावी.