धरणाकाठची ग्रॅव्हल राईड: नेटवर्क गेल्यावर फोन रस्ता कसा दाखवतो?

ग्रॅव्हल बाईक म्हणजे दिसायला रोड बाईक, पण टायर जाड. रोड बाईकचा टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो, ग्रॅव्हलचा ३८ ते ५०. हँडल खाली वळलेलंच असतं, फक्त टोकांना थोडं बाहेर फाकलेलं, म्हणजे खडबडीत उतारावर पकड राहते. गिअर हलके असतात, कारण मुरुमाच्या चढावर वेगाचा उपयोग नसतो. पुढे सस्पेन्शन बहुतेकदा नसतंच. ते काम टायरमधली हवा करते, म्हणून हवा कमी ठेवायची. ७० किलोचा माणूस आणि ४० मिलिमीटरचा टायर असेल तर ३५ ते ४० पीएसआयपासून सुरुवात करून बघा. डांबरावरची सवय म्हणून ७० भरलीत, तर हातांना मुंग्या येतील आणि मागचं चाक खडीवर घसरत राहील.

सायकलबद्दल एवढं पुरे. खरा प्रश्न खिशातल्या फोनचा आहे.

उदाहरण म्हणून पुण्याजवळचा पानशेत-वरसगावचा पट्टा घेऊ. पानशेत धरण आंबी नदीवर, वरसगाव मोसे नदीवर, आणि दोघांच्या मध्ये डोंगराची सोंड. पानशेतच्या पाण्याच्या कडेने रस्ता शिरकोली, टेकपवळे करत घोळकडे, म्हणजे सह्याद्रीच्या धारेकडे जातो. त्याला फुटणाऱ्या वाटा वाड्या-वस्त्यांकडे, रानात, पाण्याकडे उतरतात. काही मुरुमाच्या, काही नुसत्या ढोरवाटा. अशा खोऱ्यात आत गेलं की नेटवर्क कधी येतं, कधी जातं.

नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं

याबद्दल बराच गैरसमज आहे. फोन उपग्रहांना काहीही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि स्वतःची जागा आणि वेळ सतत सांगत असतात. किमान चार उपग्रह ऐकू आले की फोन तुमची जागा काढतो. सिम नसलं, एअरप्लेन मोड चालू असला, तरी आजच्या फोनमध्ये हे होतं.

मग घाटात निळा ठिपका हलत का नाही? दोन कारणं. एक, नकाशाच उतरवलेला नसतो, त्यामुळे ठिपका करड्या पडद्यावर उभा राहतो. दोन, नेटवर्क असताना फोन उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि उपग्रह ती फार सावकाश सांगतो: प्रत्येकाची स्वतःची माहिती एकदा पूर्ण व्हायला ३० सेकंद लागतात. मध्ये झाड किंवा कडा आला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नेटवर्क असतानाच, निघण्यापूर्वी नकाशाचं ॲप उघडून ठिपका पक्का होऊ द्या.

अरुंद दरीत ठिपका कधीकधी पाण्यात उडी मारतो. सिग्नल कड्यावर आपटून येतो, उशिरा पोचतो, आणि फोनला वाटतं अंतर जास्त आहे. एल-१ सोबत एल-५ ही दुसरी फ्रिक्वेन्सी ऐकणाऱ्या फोनमध्ये ही चूक कमी होते. तुमच्या फोनच्या माहितीपत्रकात हे बघून घ्या.

कोणता नकाशा?

गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता सांगतो. ऑफलाइन असताना चालण्याचा किंवा सायकलचा रस्ता तो देत नाही. कच्च्या वाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅप बरा. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच काढलेला आहे आणि तो ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडमध्ये फुकट उतरवता येतो. त्यात कच्च्या रस्त्याला ‘ट्रॅक’ म्हणतात आणि दर्जा १ ते ५ असा देतात: १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती किंवा गवत. ग्रॅव्हल बाईकला साधारण ३ पर्यंत मजा, पुढे ढकलायची तयारी. पण हा दर्जा कोणीतरी हाताने भरलेला असतो. कोणी भरलाच नसेल तर ॲप त्या वाटेला सरसकट ‘रस्ता’ समजून तुम्हाला तिकडे वळवतं.

मित्राने पाठवलेली जीपीएक्स फाईल ही साधी मजकुराची फाईल असते: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ, एकाखाली एक. त्यात ‘ट्रॅक’ असेल तर ती प्रत्यक्ष चाललेली वाट. ‘रूट’ असेल तर फक्त मोजके बिंदू, मधलं तुमचं ॲप स्वतः ठरवणार. शक्यतो ट्रॅकच मागा. आणि स्वतःची फाईल पुढे पाठवताना सुरुवातीचा तुकडा कापा, कारण पहिला बिंदू बहुतेक तुमच्या घराच्या दाराशी असतो.

निळी रेघ कुठली?

धरणाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. नकाशावर पाण्याची कड एक ठाम रेघ असते. धरणात ती रेघ वर्षभर सरकत असते. पावसाळा संपता संपता पाणी झाडीला टेकतं, मेपर्यंत खूप खाली जातं आणि मध्ये रुंद, उघडा पट्टा पडतो. उन्हाळ्यात कोणी त्या पट्ट्यावरून सायकल चालवून ट्रॅक टाकला, तर सप्टेंबरमध्ये तोच ट्रॅक पाण्याखाली असतो. ॲपला याचा पत्ता नसतो. ट्रॅकमधले वेळेचे आकडे उघडून महिना बघा. मे महिन्याचा ट्रॅक ऑक्टोबरात वापरायचा असेल तर तो नुसता अंदाज समजा.

उन्हाळ्यातही तो पट्टा सरळ नाही. गाळ वरून वाळून भेगाळतो, पायाला टणक लागतो, आणि दहा पावलांवर आत लिबलिबीत निघतो. चाक रुतलं तर सायकल निघेल, माणूस कमरेपर्यंत गेला तर अवघड आहे. पाण्याकडे उतरताना गुरांच्या खुरांचे ताजे ठसे जिथे जातात तिथूनच जा, आणि ठसे थांबले की तुम्हीही थांबा. उपग्रहाचा फोटो हे दाखवत नाही.

चढाचे आकडेही जपून घ्या. पुष्कळ ॲप उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीचा आधार घेतात, त्यात सुमारे ३० मीटरला एक मोजमाप. ३० अंशांच्या उतारावर तुमची रेघ १५ मीटर बाजूला सरकली की उंचीत जवळपास ९ मीटरचा फरक पडतो. पाण्याच्या कडेची सपाट वाट त्यामुळे कागदावर करवतीसारखी दिसते आणि एकूण चढ फुगतो. फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर प्रत्यक्ष नोंद बरीच बरी येते.

बॅटरी, फोनची जागा आणि मदत

नेटवर्क नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच जाते. एअरप्लेन मोड लावा, स्क्रीन बंद ठेवा, फाट्यावर थांबून बघा. फोन हँडलवर न लावता पाठीच्या खिशात ठेवलेला चांगला. मोटरसायकलच्या इंजिनच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये सांगितलं होतं. सायकलला इंजिन नाही, पण खडीवरचे हादरे काही कमी नसतात.

११२ नंबर तुमचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर मात्र लागत नाही. पडल्यावर आपोआप फोन करणारं फीचरही त्याच टॉवरवर अवलंबून आहे. परदेशी व्हिडिओ बघून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मागवू नका: भारतात परवानगीशिवाय अशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन जवळ बाळगल्यावरून लोकांवर कारवाई झालेली आहे. त्यापेक्षा घरी ट्रॅकची फाईल आणि परतीची वेळ देऊन निघा, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून कोणाला फोन करायचा हेही सांगून ठेवा. वाटेतल्या शेवटच्या गावात चहा घेताना ‘पुढे कुठे चाललोय’ हे दुकानदाराला सांगितलं, तर शोधणाऱ्यांचं काम निम्मं होतं.

नकाशावर रेघ आहे म्हणजे जायची परवानगी आहे, असंही नाही. ताम्हिणीचा काही भाग अभयारण्य आहे आणि अभयारण्यात शिरायला वन विभागाची परवानगी लागते. ती हद्द पुष्कळ ॲपमध्ये फिकट हिरव्या रंगापलीकडे काही सांगत नाही. कुठल्याही जंगलात शिरण्याआधी जवळच्या वन कार्यालयात किंवा गावात विचारा. धरणाच्या भिंतीवर जायला आणि तिथे ड्रोन उडवायला मनाई असते, ड्रोन घरीच ठेवा. आणि पावसाळ्यात मुरुमाची वाट चिखल होते, तिथून चाकं गेली की पडलेली चर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच वाळून राहते. त्याच वाटेने गावातली माणसं रोज दुधाचे कॅन घेऊन जातात.