लखनौ छावणी ते पुणे : हवाई अंतर व प्रवासाचा अवधी

लष्कराच्या मध्य कमांडचे मुख्यालय लखनौ छावणीत, तर दक्षिण कमांडचे पुण्यात आहे. या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर असून थेट विमानास साधारणतः दोन तास लागतात. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने दीड तास पुरावयास हवा. परंतु धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण आणि उतरण यांत उरलेला वेळ जातो.

छावणीतून निघणाऱ्यास मात्र दोन तासांचा हा आकडा फसवा ठरतो. अमौसी येथील चौधरी चरणसिंह विमानतळ छावणीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. चारबागहून मेट्रोनेही तेथे जाता येते. उड्डाणापूर्वीचे दोन तास आणि लोहगावहून घर गाठण्याचा वेळ धरता एकूण सहा तास मोजावेत. रेल्वेस एक अहोरात्र लागते, हे ध्यानात घेता तेही थोडेच.

डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानातील दाट धुके हे सारे गणित बिघडवते. उड्डाणे कित्येक तास लांबतात, प्रसंगी रद्दही होतात. धुके रात्री व पहाटे अधिक दाटत असल्याने मोजक्या रजेवर गावी निघालेल्या जवानाने दुपारचे विमान निवडावे आणि पुण्याहून साताऱ्या-सांगलीकडची गाडी शक्यतो दुसऱ्या दिवशीची ठेवावी.