परकीयांची स्थानबद्धता, आरोग्यसेवा आणि व्यसनोपचार : देवळालीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

नाशिकच्या उत्तरेस दिंडोरी, तर दक्षिणेस देवळाली आहे. वेड लागणे या अर्थाचा 'डूलाली' हा इंग्रजी शब्द याच देवळालीवरून रूढ झाला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक येथील छावणीत महिनोन्महिने पडून राहत. हाताला काम नसे व जाण्याची तारीख ठाऊक नसे. मद्यपान, हिवताप व मनोविकार यांच्याशी या छावणीचे नाव जोडले गेले. हे सैनिक कैदी नव्हते. तरीही अनिश्चित प्रतीक्षा माणसाला कशी खचवते, याची साक्ष हा शब्द देतो.

युद्धकालीन छावण्या :

पहिल्या महायुद्धात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी या छावणीची पाहणी केली. त्यांत एक डॉक्टरही होते. दुसऱ्या महायुद्धात अहमदनगरच्या स्थानबद्धांना १९४१ साली देवळालीस व तेथून डेहराडूनला हलविण्यात आले. गिर्यारोहक हाइनरिश हारर हे त्यांपैकीच एक होत. या लोकांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यांचे नागरिकत्व हेच कारण होते. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने अशा युद्धकालीन स्थानबद्धांसाठी रुग्णालय व महिन्यातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली.

व्यसनोपचाराची वाट :

भारतात व्यसनोपचाराला कायद्याचा आधार मिळाला तो १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने. त्यातील कलम ३९ अन्वये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस तिच्या संमतीने उपचारासाठी सोडता येते. १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले आणि व्यसन हा आजार आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविला.

मात्र शिक्षा भोगून झालेला, पण कागदपत्रांअभावी हद्दपारीची वाट पाहणारा परकीय या वाटेवर येत नाही. कलम ३९ न्यायालयापुढील दोषी व्यक्तीसाठी आहे. त्याची कोठडी प्रशासकीय आदेशाची असते. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलात आला, तरी स्थानबद्धतेचा अधिकार कायम आहे. अफूजन्य पदार्थ अचानक तुटल्यास उलट्या, जुलाब व निद्रानाश होतो. पुढे शरीराची सहनशक्ती घटते आणि सुटकेनंतर पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते.

निष्कर्ष :

युद्धातील शत्रूच्या नागरिकास जी मासिक तपासणी करारान्वये मिळते, तिची तितकीच स्पष्ट हमी शांततेच्या काळातील स्थानबद्धासही हवी. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचा हक्क परकीयांनाही लागू आहे. म्हणून व्यसनोपचार हा न्यायालयाच्या सवलतीचा भाग न राहता आरोग्यसेवेचा भाग व्हावा आणि त्याची पाहणी बाहेरील वैद्यांनी करावी, हाच या इतिहासाचा बोध होय.