चांद्याच्या जंगलातील एका पूर्वजाचा शोध : शेडमाके घराणे

१/९
भामरागड-हेमलकशाचे जंगल एकोणिसाव्या शतकात चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या, म्हणजे अहेरीच्या जमीनदारीत मोडत असे. तेथील माडिया-गोंडांच्या घरांत लिखित वंशावळी नव्हत्या. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा माग कसा काढावा? याच परिसरातील बाबुराव शेडमाके यांच्या घराण्यावरून त्याची कल्पना येते. (थ्रेड)

२/९
परंपरेने सांगितले जाणारे चरित्र असे : जन्म १२ मार्च १८३३, किष्टापूर. वडील पुलेसूरबापू, आई जुर्जाकुंवर, पत्नी राजकुंवर. घराण्याकडे मोलमपल्लीची छोटी जमीनदारी होती.

३/९
सरकारी दप्तरात बाबुराव प्रथम ठळकपणे येतात ते मार्च १८५८ मध्ये, राजगड परगण्यावरील हल्ल्यामुळे. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ येथे लढाया झाल्या. २९ एप्रिलला चुंचगुंडीच्या तारखात्याच्या छावणीवर छापा पडला. त्यात गार्टलँड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला.

४/९
चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. त्यांच्या साह्याने सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

५/९
वय अवघे पंचवीस. त्यातील जेमतेम सात महिन्यांचा वृत्तान्त सरकारने लिहून ठेवला, तोही गुन्हेगाराचा म्हणून. बालपण, विवाह, घर यांना त्या दप्तरात जागा नव्हती. ती पोकळी समाजाच्या स्मरणाने भरून काढली.

६/९
व्यंकटराव बस्तरकडे निसटले, १८६० मध्ये पकडले गेले. त्यांची फाशी टळून जन्मठेप झाली, याचे श्रेय त्यांच्या आई नागाबाई यांच्या प्रयत्नांना दिले जाते. त्यांची जप्त जमीनदारी लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. म्हणजे ज्यांना शिक्षा झाली किंवा इनाम मिळाले, त्यांचीच नावे कागदावर टिकली. मधल्या हजारो घरांचे काय?

७/९
शोध घेणाऱ्याने येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, नावांची रूपे बदलतात. इंग्रजी कागदांतील ‘मोनमपल्ली’ हीच आजची मोलमपल्ली. शेडमाके आडनावही ‘सेडमाके’ असे लिहिलेले आढळते. दोन, व्यक्तीचे नाव नसले तरी गावाचे असू शकते. म्हणून लुसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल आणि १९०९ चे चांदा गॅझेटिअर गावाच्या नावाने वाचावे.

८/९
कागद संपतात तेथे समाजाची स्वतःची नोंद सुरू होते. गोंडांत आडनावावरून घर किती देवांचे, हे कळते : चार, पाच, सहा की सात. एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. म्हणून ही गणना पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे जपली गेली. माडियांत मृतांच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची रीत आहे. कोणता दगड कोणाचा, हे सांगणारी वृद्ध माणसे आहेत तोवर ते दगड वाचता येतात.

९/९
फाशीचा दोर वारंवार तुटला, अशी कथा बाबुरावांविषयी आजही सांगितली जाते. ती घटनेचा पुरावा ठरत नाही. हा मृत्यू समाजाने स्वीकारला नव्हता, एवढे मात्र ती सांगते. १२ मार्च २००९ रोजी त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृह परिसरात लोक अभिवादनाला जमतात. ज्या दप्तराने त्यांना केवळ बंडखोर म्हटले, त्याच्या शेजारी ही दुसरी नोंद ठेवली, तरच त्या पूर्वजाचे आयुष्य पुरते दिसते.